‘फर्स्ट डे कव्हर’ला मराठीत काय म्हणायचं?

प्रश्न
घरातल्या टपाल तिकिटांच्या संग्रहाची यादी मराठीत करते आहे. तिकीट, शिक्का इथपर्यंत अडचण आली नाही, ‘फर्स्ट डे कव्हर’पाशी, म्हणजे नवं तिकीट लावून पहिल्याच दिवशी शिक्का मारलेल्या पाकिटापाशी, मात्र अडले. टपाल खात्याच्या पाकिटांवर ‘प्रथम दिवस आवरण’ असं छापलेलं असतं. मराठीत आवरण म्हटलं की वेष्टन किंवा झाकण डोळ्यांपुढे येतं, पत्राचं पाकीट येत नाही. ‘पहिल्या दिवसाचं पाकीट’ चालेल का? आणि ‘स्पेशल कव्हर’ त्याहून वेगळं कसं दाखवायचं?

उत्तर
‘प्रथम दिवस आवरण’ ही खात्याची हिंदी संज्ञा आहे. आपल्याकडे ‘लखोटा’ हा जुना, देखणा शब्द असताना आवरण कशाला घ्यायचं? ‘प्रथमदिन लखोटा’ लिहा.

उत्तर
लखोटा मलाही आवडतो, पण त्यात आत मजकूर आहे आणि तोंड बंद केलेलं आहे असा अर्थ येतो. संग्राहकांकडची बहुतेक पाकिटं रिकामी आणि उघडी असतात. टपाल कचेरीच्या खिडकीवर कोरं पाकीट घ्यायचं, नवं तिकीट लावायचं, तिथेच शिक्का मारून घ्यायचा आणि घरी न्यायचं. ते कधी टपालात पडतच नाही. त्यामुळे ‘पाकीट’ बरं. बोलताना सगळे इंग्रजी आद्याक्षरं घेऊन ‘एफडीसी’च म्हणतात आणि त्यातही काही वावगं नाही.

ताई, खरी काळजी नामाची नाही, ‘पहिला दिवस’ कोणाचा याची घ्या. तो पाकिटाचा नसतो, तिकिटाचा असतो. महर्षी कर्व्यांचं तिकीट त्यांच्या शंभराव्या वाढदिवशी, १८ एप्रिल १९५८ रोजी निघालं. भारताच्या तिकिटावर हयातीत झळकलेले ते पहिले भारतीय. त्या तिकिटावर १८ एप्रिलचा शिक्का असेल तर ते पहिल्या दिवसाचं पाकीट. १९ तारखेचा असेल तर पाकीट तेच, चित्र तेच, पण ते एफडीसी नाही. एका तारखेवर सगळं अवलंबून आहे.

‘स्पेशल कव्हर’ला खातं ‘विशेष आवरण’ म्हणतं. ते प्रसंगाचं असतं: एखादं प्रदर्शन, संस्थेची शताब्दी, पहिलं उड्डाण. त्यावर जुनं तिकीटही चालतं. १८ फेब्रुवारी १९११ रोजी फ्रेंच वैमानिक आँरी पेके यांनी अलाहाबादहून नैनीला विमानातून टपाल नेलं, त्या पाकिटांचा मान आहे तो उड्डाणामुळे आणि त्यासाठी केलेल्या खास शिक्क्यामुळे. म्हणून यादीत ‘पहिला दिवस’ आणि ‘विशेष’ हे दोन वेगळे रकाने ठेवा.

पुन्हा विचारते
काका, चित्र नसलेल्या साध्या पाकिटावर नेमक्या त्याच दिवसाचा शिक्का असेल तर? तेही एफडीसी धरायचं का?

उत्तर
अवश्य धरायचं. पाकिटाच्या डाव्या बाजूच्या चित्राला संग्राहक ‘कॅशे’ म्हणतात आणि ती पद्धत बरीच नंतरची. अमेरिकेत जॉर्ज लिन यांनी १ सप्टेंबर १९२३ रोजी राष्ट्राध्यक्ष हार्डिंग यांच्या स्मृतितिकिटासाठी केलेलं पाकीट हे सामान्यतः पहिलं कॅशेचं पाकीट मानतात. तोवर तिकिटं निघत होती, पहिले दिवस येत होते, पाकिटं मात्र साधीच होती. उलट काही जण चित्रालाच महत्त्व देतात आणि तारीख वाचतही नाहीत, त्याचं मला फार वाईट वाटतं.

पहिल्या दिवसाच्या आधी वापरलेलं तिकीटही सापडतं. जगातलं पहिलं टपाल तिकीट ‘पेनी ब्लॅक’, त्याची अधिकृत तारीख ६ मे १८४०, पण इंग्लंडमधल्या बाथ गावाहून २ मे रोजी गेलेलं पाकीट आजही आहे. तिथे ‘पहिला दिवस’ म्हणजे जाहीर झालेला दिवस, वापराचा नव्हे. अशा नगाची नोंद ‘जाहीर तारखेपूर्वी वापर’ अशी सरळ करावी.

दुसरं एक मत
शिक्क्याबद्दल थोडं. खात्याच्या विवरणिकेत, म्हणजे तिकिटासोबतच्या माहितीपत्रकात, त्याला हिंदीत ‘विरूपण’ म्हणतात. इंग्रजी ‘कॅन्सल्ड’वरून ‘रद्द केलेलं तिकीट’ करावं तर आपल्याला एसटीचं किंवा रेल्वेचं आरक्षण आठवतं. तिकीट पुन्हा वापरता येऊ नये म्हणूनच तो छाप असतो, हे खरं. तरी मराठीत ‘शिक्का’ आणि प्रसंगासाठी केलेला असेल तर ‘विशेष शिक्का’, एवढं स्वच्छ पुरतं.

पुन्हा विचारते
यादीत किमतीचाही रकाना आहे. काय लिहू?

उत्तर
किमतीआधी अवस्था लिहा. शिक्का वाचता येतो का, तो तिकीट आणि पाकीट दोन्हींवर पडला आहे का, पत्ता आहे की कोरं आहे, कोपरे दुमडले आहेत का. गेल्या काही दशकांतली पाकिटं मुबलक निघाली, घरोघर जपली गेली, म्हणून त्यांना फारसा भाव नाही. बरेच जण कोरं पाकीट पसंत करतात. मला स्वतःला पत्ता असलेलं, खरोखर प्रवास केलेलं पाकीट अधिक मोलाचं वाटतं, कारण टपालाचं काम त्याने केलेलं असतं.

१५ ऑगस्ट १९४८ ची गांधीजींची मालिका घ्या: दीड आणा, साडेतीन आणे, बारा आणे आणि दहा रुपये. स्वित्झर्लंडच्या कूर्व्हाझिए छापखान्यात छापलेली. त्या काळी पाकिटाला हौसेने दहा रुपयांचं तिकीट लावणं सामान्य माणसाच्या आवाक्याबाहेरचं होतं. म्हणून चारही तिकिटं असलेलं त्या दिवसाचं पाकीट दुर्मीळ, आणि म्हणूनच त्याच्या नकलाही होतात. जुन्या खऱ्या तिकिटावर नंतर बनावट शिक्का मारतात. असा नग जाणकाराकडून तपासून घेतल्याशिवाय किंमत लिहूच नका.

एक जपणुकीची शंका
मुंबईत राहतो. पाकिटांवर तांबूस ठिपके येऊ लागले आहेत. त्यांना काय म्हणतात आणि काय करावं?

उत्तर
संग्राहक ‘टोनिंग’ किंवा ‘फॉक्सिंग’ म्हणतात, यादीत ‘तांबूस डाग’ लिहिलं तरी कळतं. कारण बहुधा दमट हवा आणि बुरशी. डाग आलेली पाकिटं आधी बाकीच्यांपासून वेगळी करा. घासू नका, ओल्या फडक्याने पुसू नका, शाई फुटते. पीव्हीसीच्या मऊ, वास येणाऱ्या पिशव्या काढून टाका. पॉलिएस्टर किंवा पॉलिप्रॉपिलीनची पारदर्शक पाकिटं घ्या. रबर बँड, टाचणी, चिकटपट्टी अजिबात नको. पाकिटं उभी ठेवा, दाबून भरू नका, भिंतीला लागून असलेलं कपाट टाळा. सिलिका जेलच्या पुड्या ठेवा आणि पावसाळ्यात बदलत राहा. कसर लागली आहे का, तेही अधूनमधून बघा.

पुन्हा विचारते
माझ्याकडच्या काही पाकिटांचं तोंड डिंकाने आपोआप चिकटलं आहे. उघडू का?

उत्तर
नको, ताई. वाफ दिली तर शिक्क्याची शाई पसरेल आणि तिकीट सुटेल. यादीत ‘तोंड चिकटलेलं’ एवढी नोंद करा. जी अजून उघडी आहेत, त्यांच्या डिंकाच्या पट्टीखाली आम्लरहित कागदाची पट्टी सरकवून ठेवा.