सगळा पडदा लाल केला की मॉनिटर काळा का पडतो?

सर्किटवेडा :
एफपीजीए (आतलं सर्किट आपणच ठरवतो अशी चिप) बोर्डावरून मॉनिटरसाठी व्हीजीए सिग्नल काढतोय, ६४०×४८०, ६० हर्ट्‌झ. बोर्डावर ५० मेगाहर्ट्‌झचा क्लॉक आहे, त्याला दोनने भागून २५ घेतला. आडवे आकडे नेहमीचेच : ६४० दिसणारे, १६ फ्रंट पोर्च (सिंकआधीची मोकळी जागा), ९६ सिंक (नवी ओळ सुरू करायची खूण), ४८ बॅक पोर्च (सिंकनंतरची मोकळी जागा), मिळून ८००. उभे त्याच क्रमाने ४८०, १०, २, ३३, मिळून ५२५. दोन्ही सिंक निगेटिव्ह, म्हणजे पल्स खाली जाणारा. मॉनिटरच्या मेनूत ६४०×४८० बरोबर येतं.

गंमत अशी, की मधोमध लाल चौकोन काढला तर झकास दिसतो. पण सगळा पडदा लाल व्हावा म्हणून लाल पिन कायमची १ ठेवली, तर पडदा काळाठिक्कर. मित्राच्या मॉनिटरवरही तेच. केबल लावलेली असताना मल्टिमीटरवर ०.७ व्होल्ट मिळतात. सिंकमध्ये काही राहिलंय का? शिवाय ६४० पिक्सेलच्या ओळीला १६० पिक्सेलची मोकळी जागा हवीच कशाला? एलसीडीत मागे फिरणारी शलाका तर नाहीच.

लूपबॅक :
२५ नाही, २५.१७५ हवा. पीएलएल (हवी ती फ्रिक्वेन्सी बनवणारं सर्किट) लाव, होईल.

टीव्हीवाले काका :
नाही होणार. २५ मेगाहर्ट्‌झला ८०० आणि ५२५ ने भाग, ५९.५२ हर्ट्‌झ येतात. २५.१७५ घेतलास तर ५९.९४. एवढा फरक मॉनिटर सहज खपवून घेतो. आणि क्लॉक बिघडला असता तर चौकोन तरी कसा दिसला असता?

तुझी सिंक बरोबर आहे रे. घोळ आहे तो 'कायमची १' मध्ये.

मॉनिटरच्या आत व्हिडिओ सिग्नल आधी कपॅसिटरमधून जातो. तिथे त्याची डीसी पातळी हरवते. मग शून्य व्होल्ट म्हणजे काळा हे मॉनिटरला कळणार कसं? तो दर ओळीला सिंक संपली की बॅक पोर्चमध्ये डोकावतो आणि तिथे जी पातळी असेल तिला काळा धरतो. याला आम्ही क्लँप म्हणतो. तू तिथेही ०.७ व्होल्टच पाठवलेस. त्याने ०.७ ला काळा मानलं, पुढे ६४० पिक्सेलभर तेच ०.७ आले, फरक शून्य, म्हणून पडदा काळा. चौकोन काढलास तेव्हा पोर्चमध्ये पिन शून्यावर होती, म्हणून लाल दिसला. मल्टिमीटरचं काही चुकलं नाही, त्याला पोर्च दिसत नाही इतकंच.

म्हणजे त्या १६० तले ४८ अजिबात मोकळे नाहीत. वेळात मोजलं तर जेमतेम १.९ मायक्रोसेकंद, पण सगळ्या ओळीची उजेडाची पट्टी तिथे लागते.

आपल्या जुन्या पाल टीव्हीतही हीच जागा कामाची होती. ओळ ६४ मायक्रोसेकंदांची, सिंक ४.७ ची, आणि तिच्या मागच्या पोर्चवर ४.४३ मेगाहर्ट्‌झच्या दहाएक लाटांचा कलर बर्स्ट, म्हणजे रंग ओळखायचा संदर्भ. तो नीट पोचला नाही की रंगीत सेटवर चित्र कृष्णधवल. व्हीसीआरच्या जमान्यात कॅसेटची नक्कल होऊ नये म्हणून कंपन्या उभ्या ब्लँकिंगच्या, म्हणजे दोन चित्रांमधल्या न दिसणाऱ्या, ओळींत खोट्या सिंक आणि त्यांच्या पाठोपाठ, जिथे पोर्च असायला हवा तिथे, भडक पांढरे पल्स घालायच्या. उतरवणारा व्हीसीआर फसून गेन (सिग्नल किती मोठा करायचा ते) कमी करायचा, आणि नक्कल कधी अंधारी तर कधी लख्ख. तू जे नकळत केलंस तो त्यांचा धंदा होता.

फ्रंट पोर्चचं काम साधं. ओळीचा शेवटचा पिक्सेल पांढरा असो की काळा, सिंकची कड येण्याआधी सिग्नल काळ्यावर स्थिर झाला पाहिजे. नाहीतर उजव्या कडेच्या चित्राप्रमाणे ओळी मागेपुढे हलायच्या.

निगेटिव्ह-पॉझिटिव्हचं तू विचारलं नाहीस, तरी सांगतो. १९८७ साली आयबीएमने व्हीजीए आणलं तेव्हा मॉनिटरला ओळी किती हे पोलॅरिटीवरून कळायचं. दोन्ही निगेटिव्ह म्हणजे ४८०. आडवी निगेटिव्ह, उभी पॉझिटिव्ह म्हणजे ४००. त्याच्या उलट म्हणजे ३५०. आडवा वेग तिन्हींचा सारखाच, साधारण ३१.५ किलोहर्ट्‌झ. कारखान्यातल्या सीएनसी (संगणकाने चालणाऱ्या) मशीनचे जुने मॉनिटर काढून एलसीडी बसवतो तेव्हा आजही मी आधी स्कोपवर पोलॅरिटी बघतो.

आता काम : काउंटर ६४०×४८० च्या आत असेल तेव्हाच रंग बाहेर सोड, एरवी तिन्ही पिना शून्य. आणि कडेने एक पिक्सेलची पांढरी चौकट काढून मगच मॉनिटरचं ऑटो बटण दाब. ऑटो चित्राच्या कडा शोधतं. नुसता चौकोन असेल तर त्यालाच कड समजून बसेल.

सर्किटवेडा :
काका, लाल झाला! धन्यवाद. आता पुढचं. सात इंची ८००×४८० एलसीडी पॅनेल एसटीएम३२ या मायक्रोकंट्रोलरला जोडलंय. डेटाशीटप्रमाणे सिंक पल्स २०, बॅक पोर्च ४६, फ्रंट पोर्च २१० भरले. डावीकडे काळी पट्टी येते आणि उजवीकडचं चित्र कापलं जातं. इथेही क्लँप?

अर्धाबिट :
इथे क्लँप नाही, रंग डिजिटल जातात. पट्टी बरोबर २० पिक्सेलची आहे का बघ. अशा बऱ्याच पॅनेलच्या डेटाशीटमधले ४६ पल्ससकट असतात, म्हणजे सिंकच्या सुरुवातीपासून मोजलेले. ओळीची बेरीज करून बघ : ४६ + ८०० + २१० = १०५६. डेटाशीटमध्ये एकूण १०५६ च दिलं असेल तर पल्स आत धरलाय. मग खरा बॅक पोर्च २६.

एलटीडीसीच्या (एसटीएम३२ मधला पडदा चालवणारा भाग) रजिस्टरांत सुटे आकडे टाकायचे नसतात, बेरीज करत जायचं आणि प्रत्येक वेळी एक वजा. तुझ्यासाठी १९, ४५, ८४५, १०५५. उभ्याची बेरीज ५२५ येत असेल तर ३३.३ मेगाहर्ट्‌झला ६० हर्ट्‌झ मिळतात.

टीव्हीवाले काका :
पॅनेलवर मोड नावाची पिन आहे का बघ. ती डीईवर (डेटा एनेबल, 'आता पिक्सेल येतायत' सांगणारा सिग्नल) टाकलीस आणि डीईची तार जोडलीस तर पॅनेल पोर्च मोजतच नाही, डीई वर गेली की पहिला पिक्सेल. पट्टी तशीही जाईल.

सर्किटवेडा :
पट्टी २० चीच होती. आकडे बदलले, गेली. डीईची तार उद्या डकवतो.