एकटा डायनीन दुबळा, टोळी नाही

कायनेसिन आणि डायनीन ही पेशीतली ओझं वाहणारी मोटर प्रथिनं, एकाच रुळावर उलट दिशांना ओढणारी. कुणी म्हणतं, कायनेसिन पाच-सहा पिकोन्यूटन (जोर मोजायचं अतिसूक्ष्म एकक) ओढतो, डायनीन जेमतेम एक-दोन, म्हणजे रस्सीखेचीत कायनेसिनच जिंकणार. एकास एक असेल तर मान्य. पण पेशीत डायनीन टोळीने कामाला लागतात.

मशीद बंदरकडे चढावर भरलेली हातगाडी ओढताना बघा. ताण आला की पुढचा गडी पावलं आखूड टाकतो, मागचे तोवर त्याला गाठतात आणि मग सगळ्यांचा जोर एकदम लागतो. डायनीनचं तेच! ओझं नसताना २४ ते ३२ नॅनोमीटरची ढांग, ओझं वाढलं की ८ची. कायनेसिनला हा गिअरच नाही, त्याचं पाऊल कायम ८चं. त्यामुळे अनेक कायनेसिन असले तरी त्यांची ताकद नीट एकवटत नाही.

आणि हे नुसतं कागदावरचं गणित नव्हे. मुंबईत कुलाब्याच्या टीआयएफआरमध्ये (टाटा मूलभूत संशोधन संस्था) शास्त्रज्ञ रूप मल्लिक यांच्या गटाने पेशीने गिळलेले बारीक मणी लेझरच्या चिमट्यात धरून हा जोर मोजला (२०१३).

यीस्टचं उदाहरण मात्र इथे देऊ नका, त्याचा डायनीन एकटाच बराच दणकट असतो.