आधी सेल-बल्ब, मग टॅब

टॅबवर सिम्युलेशन (स्क्रीनवरचा आभासी प्रयोग) दाखवलं की प्रयोगाचं साहित्य लागतच नाही, असं काही जण म्हणतात. मला हे अर्धंच पटतं. अमेरिकेतल्या कोलोरॅडो विद्यापीठाचं 'फेट' (PhET) हे अशा सिम्युलेशन्सचं संकेतस्थळ घ्या. नोबेलविजेते कार्ल वीमन यांनी 2002 मध्ये सुरू केलेला हा प्रकल्प. फुकट आहे, बरीच सिम्युलेशन्स मराठीतही आहेत आणि एकदा उतरवून घेतली की नेट नसलं तरी चालतात. (शाळेतल्या नेटबद्दल न बोललेलंच बरं.)

त्यातलं विद्युत परिपथाचं सिम्युलेशन मला फार आवडतं. मुलं हमखास म्हणतात, बल्ब वीज 'खातो', म्हणून परतीच्या तारेत ती कमी उरते. इथे इलेक्ट्रॉनचे निळे गोळे बल्बच्या दोन्ही बाजूंना सारख्याच वेगाने सरकताना दिसतात. खऱ्या तारेत हे कसं दाखवणार? बॅटरीची दोन टोकं नुसत्या तारेने जोडली की स्क्रीनवर ज्वाळा उठतात. खऱ्या बॅटरीवर हा खेळ वर्गात परवडणारा नाही.

पण टॅबवर तार सैल होत नाही, सेल उतरत नाही; खऱ्या जोडणीतल्या अडचणी तिथे भेटतच नाहीत. टॉर्चचा बल्ब हातात दिला की पाचवीतली पोरं दोन्ही तारा त्याच्या बुडालाच लावतात. एक तार बुडाला, दुसरी बाजूच्या धातूला, हे चाचपडूनच कळतं. म्हणून मी आधी सेल-बल्ब देते. 'तारेच्या आत काय होतं?' असं कुणी विचारलं की मग टॅब. तोही तीन-चार जणांत एकच. एकेकाला दिला की जो तो बॅटरीला आगी लावत बसतो.