बिगक्वेरीतला (गूगलची ऑनलाइन डेटा साठवायची सेवा) टेबल गायब झालाय, परत आणता येईल का?

मी सोलापूरला अक्कलकोट रोड एमआयडीसीत एका टॉवेल कारखान्यात हिशेब बघतो. प्रोग्रामर नाही, क्वेरी यूट्यूबवर बघून शिकलो. पाळीच्या रजिस्टरवरून सीएसव्ही बनवतो (लूम नंबर, डिझाइन, डझन, सेकंड म्हणजे खोट असलेला माल), बिगक्वेरीत चढवतो आणि क्रोममध्येच क्वेरी चालवतो. कार्ड दिलेलं नाही, सँडबॉक्सवरच, म्हणजे फुकटच्या सोयीवर भागवतो.

रजिस्टरात तिघांनी तीन तऱ्हा केलेल्या: जकार्ड, जॅकार्ड, जेकार्ड. सँडबॉक्समध्ये 'अपडेट' ही दुरुस्तीची कमांड चालत नाही, म्हणून 'क्रिएट ऑर रिप्लेस टेबल' करून सगळं एकसारखं केलं. गड्ड्याच्या (सिद्धेश्वराची जानेवारीतली जत्रा) सुट्टीतले दोन दिवस त्यातच गेले. घरचे होम मैदानावर, मी लॅपटॉपसमोर.

काल मालकांनी सेकंड मालाचा आकडा मागितला. क्वेरी टाकली तर 'नॉट फाउंड'. डेटासेट (टेबलांचा फोल्डर) दिसतोय, आत टेबल नाही! शनिवारी नक्की होता. मूळ सीएसव्ही पेन ड्राइव्हवर आहे, पण दुरुस्तीची क्वेरी सेव्ह केली नव्हती. काही करता येईल का?

उत्तर १: कुणी डिलीट केलेला नाही वो. सँडबॉक्समधला टेबल ६० दिवसांनी आपोआप जातो, गड्ड्यापासून मोजा. मुदत संपून गेलेला टेबलही ७ दिवसांच्या आत परत येतो. वरच्या पट्टीतून क्लाउड शेल (कमांड टाइप करायची खिडकी) उघडा, 'बीक्यू सीपी' ही कॉपीची कमांड द्या. जुन्या टेबलच्या नावापुढे @-२५९२००००० लावा (मिलिसेकंद आहेत, आकडे इंग्रजीत), म्हणजे ३ दिवसांपूर्वीची प्रत, आणि पुढे नवीन नाव. टेबल शनिवारी होता ना? मग आजच करा.

उत्तर २: आणि क्वेरी हरवलेली नाही. 'जॉब हिस्टरी' उघडा, ६ महिन्यांचं सगळं असतं तिथं. मी तर आधी तेच बघितलं असतं.
बिलिंग चालू केलं तरी महिन्याला १० जीबी साठा आणि १ टीबी क्वेरी फुकटच राहते. फक्त जुन्या डेटासेटची आणि टेबलांची मुदत हातानं काढावी लागते. ते विसरलात तर पुन्हा हाच धागा काढाल.

धागाकर्ता: आला! पहिल्यांदा मायनसचं चिन्हच विसरलो होतो. हिस्टरीत क्वेरीपण सापडली, वहीत उतरवून घेतली. मालकांना आकडा दिला, तर म्हणाले, "आता डिझाइनवार दे."