जुळी आहेत, ३६ आठवडे ५ दिवस, पोट कडक होतंय. दोन दिवस थांबवता येईल का?

पहिलटकर_बाबा: बायकोला जुळी आहेत. काल रात्री दोनपासून पोट मधूनमधून दगडासारखं होतंय, कंबरही धरली आहे. सोमवारी दाखवलं तेव्हा डॉक्टर म्हणाल्या, सगळं छान आहे, ३८ व्या आठवड्यात बघू. सासूबाई म्हणतात, कळा नाहीत, उष्णतेनं होतंय, जिऱ्याचं पाणी द्या. ३७ पूर्ण व्हायला दोनच दिवस राहिलेत. तोवर कळा थांबवायची गोळी असते का? लवकर सांगा.

दोन_लेकींची_आई: किती मिनिटांनी होतंय? अंगावरून पाणी किंवा लाल गेलं का? बाळं नेहमीसारखी हलतायत ना? आणि वार, म्हणजे प्लॅसेंटा, एक आहे की दोन?

पहिलटकर_बाबा: वेळ लावली नाही. पाणी नाही गेलं. हलतायत. वारेचं कुठे लिहिलेलं असतं? गोळीचं सांगा ना.

दोन_लेकींची_आई: सोनोग्राफीच्या कागदावर बघा. आणि घड्याळ लावा, आत्ताच. माझी जुळी ३५ व्या आठवड्यात आली. मी कंबरदुखी समजून दिवसभर शेकत बसले आणि पोचले तेव्हा गर्भाशयाचं तोंड आठ सेंटिमीटर उघडलं होतं. जुळ्यांत खात्री पटेपर्यंत थांबायचं नसतं हो.

बाळीवेस_१: गोळीबिळी नको. माझ्या वहिनीला असंच दुखूलालतं. आईनं गरम दुधातनं एरंडेल दिलं, दोन तासांत मोकळी झाली.

लेबर_रूम_सिस्टर: एरंडेल अजिबात देऊ नका. जुलाब होऊन अंगातलं पाणी जातं आणि बाई ऐन वेळी गळून जाते. वहिनीला जुळी होती का?

बाळीवेस_१: एकच होतं. पण आमच्यात सगळ्यांना देतात, कुणाला काही झालं नाही.

लेबर_रूम_सिस्टर: जुळ्यांचं गर्भाशय आधीच खूप ताणलेलं असतं, म्हणून तर निम्म्याहून जास्त जुळी ३७ च्या आत येतात. दादा, कळा थांबवायचं औषध साधारण ३४ आठवड्यांच्या आत देतात, तेही बाळांची फुप्फुसं तयार व्हायच्या इंजेक्शनला ४८ तास मिळावेत म्हणून. तुमच्या आठवड्याला कुणी देणार नाही, गरजही नाही. सगळं ठीक असलं तरी दोन वारांच्या जुळ्यांचं बाळंतपण ३७-३८ लाच करतात, एका वारेचं त्याहून आधी. दोन दिवसांसाठी जीव टांगणीला लावू नका.

पंचांग_पाहणारा: सिझर होणार असेल तर गुरुवार चांगला आहे. वेळ काढून देऊ का?

रेल्वे_लाइन्स: सरकारी दवाखान्यात जननी शिशु सुरक्षामध्ये सिझरसुद्धा मोफत असतं. आधार कार्ड बरोबर ठेवा.

पहिलटकर_बाबा: वेळ लावली. सात मिनिटं, सहा, सात, सहा. कागदावर डायकोरिऑनिक लिहिलंय. पहिलं बाळ सेफॅलिक, दुसरं ट्रान्सव्हर्स. नाव सोलापुरात घातलंय, पण ती माहेरी आलीय, वैरागच्या पुढे. मी रात्रीच गाडी घेऊन आलो.

लेबर_रूम_सिस्टर: अहो, हे आधी सांगायचं! एकसारख्या येतायत म्हणजे या कळाच आहेत. निघा. दोघांची वार वेगळी आहे आणि पहिलं डोक्याकडून आहे, म्हणजे नॉर्मलची आशा आहे. पण दुसरं आडवं आहे, ऐन वेळी सिझर लागू शकतं. डॉक्टरांना फोन लावूनच गाडीत बसा. तिला डाव्या कुशीवर झोपवा. वाटेत पाणमोट फुटली आणि नाळेसारखं काही बाहेर दिसलं तर १०८ लावा, तिला गुडघ्यांवर ओणवी ठेवा, कंबर उंच.

दोन_लेकींची_आई: बार्शी जवळ पडेल की!

लेबर_रूम_सिस्टर: जवळ पडेल, पण या घडीला भूलतज्ज्ञ आणि बालरोगतज्ज्ञ दोघं हजर आहेत का, ते विचारल्याशिवाय नको. कुठे न्यायचं ते डॉक्टरांनाच ठरवू द्या.

बाळीवेस_१: मी तरी बार्शीच म्हणेन. वाटेत अडकलात तर?

पहिलटकर_बाबा: डॉक्टर म्हणाल्या, सोलापूरलाच आणा. निघालो.

पहिलटकर_बाबा: पोचलो. चार सेंटिमीटर उघडलंय. दोघांचे ठोके चांगले आहेत. नॉर्मलचा प्रयत्न करणार, थिएटर तयार ठेवलंय. गर्भाशय ताणलेलं असल्यानं नंतर रक्त जास्त जाऊ शकतं म्हणून दोन पिशव्या सांगितल्यात. बी पॉझिटिव्ह. रक्तपेढीवाले बदली रक्तदाता आणा म्हणतात.

रेल्वे_लाइन्स: माझं बी पॉझिटिव्ह आहे. रक्तपेढी कुठली?

बाळीवेस_१: मीपण येतो, गाडी काढलीय. कुठं यायचं ते तर लिहा!