मिस्सा संपल्यावर काय केलंत? गोव्यातले अनुभव सांगा

बाणावलीत १६५१ साली जन्मलेले संत जुझे वाझ. १६९७ साली श्रीलंकेतल्या कँडीत देवीची साथ आली, लोक आजाऱ्यांना टाकून पळाले, तेव्हा हे फादर त्यांच्या उशाशी बसले. त्यांचं नाव घेणाऱ्या आपल्या गोव्यात आज श्रद्धा कुठे कामाला लागते? तुम्ही पाहिलेलं, केलेलं लिहा. ऐकीव नको.

तिसवाडीहून
मी हिंदू. आमची आणि ख्रिस्ती शेजाऱ्यांची शेतं एकाच खाजनात, म्हणजे खाडीकाठच्या सखल जमिनीत, एकाच बांधाच्या आत. एका पावसाळ्यात पौर्णिमेच्या भरतीला बांध फुटला नि खारं पाणी आत शिरलं. पुढच्या वर्षी कोरगुटसुद्धा धड रुजलं नाही, आणि कोरगुट म्हणजे खारटाला न घाबरणारं भात! अर्ज केले, "बघतो" म्हणाले.

मे महिन्यात वाड्यावरच्या खुरसाकडे (क्रुसाकडे) लदाईन, म्हणजे सामूहिक प्रार्थना होती. चणे वाटून झाले तसं फादरांनी विचारलं, "उद्या ओहोटी किती वाजता?" फक्त मानशीकाराला, म्हणजे बांधातलं पाण्याचं दार (मानस) सांभाळणाऱ्याला ठाऊक होतं. दुसऱ्या दिवशी फादर अर्ध्या पँटीत, डोक्यावर चिखलाची पाटी. मानशीची फळी भरतीच्या दाबाने आपोआप मिटते, ओहोटीला आतलं पाणी ढकलून उघडते. आमच्या फळीचा खालचा काठ इतका कुजला होता की माझा हात मनगटापर्यंत आत गेला. बांधात कुर्ल्यांची बिळं तर विचारू नका. अकरा रविवार गेले. मिस्सा आधी, चिखल नंतर. ओहोटी सकाळची असली तर उलट. शेवटच्या रविवारी माझ्या आईने सगळ्यांना पेज आणि खारातलं तोर (कैरी) दिलं. ती आजवर इगर्जीत (चर्चमध्ये) गेलेली नाही, पण फादरांची बदली झाली तेव्हा रडली.

वास्कोहून
आम्ही मूळचे सांगलीकडचे प्रोटेस्टंट, घरात प्रार्थना मराठीतच. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली ती ईस्टरआधीच्या उपवासकाळातच. पहिले काही दिवस किराणा दुकानंही बंद होती. पप्पांनी उपवासाचे पैसे साठवलेला डबा फोडला, तांदूळ मिळवले आणि शेजारच्या चाळीतल्या मजुरांना नेऊन दिले. एक जण हळूच म्हणाला, "तांदूळ आहेत भाऊ, गॅस संपलाय." आम्ही विचारलंच नव्हतं. मग मम्मीने घरीच शिजवायला घेतलं, रोज दोन मोठे टोप. भुकेल्याला दिलं ते मला दिलं, असं येशू सांगतो, ते आम्ही पाठ म्हणायचो. त्याची चव मला त्या टोपातल्या वरणात कळली.

डिचोलीहून
माझा अनुभव कडू आहे. खाणीच्या खड्ड्यातून पाणी उपसत, इकडे आमच्या विहिरी आटत. पोप फ्रान्सिस यांनी २०१५ मध्ये 'लाउदातो सी' हे पर्यावरणावरचं पत्र काढलं, ते आमच्या छोट्या गटात वाचलं. त्यातून विहिरींच्या नोंदी ठेवायचं ठरलं. पण माझ्याच भावाचा खनिज वाहणारा ट्रक होता. २०१२ मध्ये खाणी थांबल्या तेव्हापासून हप्ते थकलेले. तो म्हणाला, "तुम्ही पाणी मोजता, माझं पोट कोण मोजणार?" बरोबर होतं त्याचं. गटातल्या दोघांनी त्याच्यासोबत बँकेत हेलपाटे घातले. भाऊ अजून गटात येत नाही, पण दोरी सोडून पाणी मोजायला मदत करतो.

म्हापशाहून
चर्चने देवाचं बघावं, बांध-खाणी सरकारचं काम. भटजींना कुणी चिखल काढायला सांगतं का?

तिसवाडीहून, पुन्हा
सरकारचंच काम आहे, आणि आम्ही अजून अर्ज करतोच. पण पौर्णिमा अर्जासाठी थांबत नाही. राहिलं भटजींचं: आमच्या देवळातले भटजीही तिसऱ्या रविवारपासून पाटी घेऊन होते, लिहायचं राहिलं.

यंदा फळीचा दुसरा काठ मऊ लागतोय. येत्या रविवारी ओहोटी सकाळी आहे. येत असाल तर जुने कपडे आणा.