फ्लो मीटर आणि पीएलसीच्या आकड्यांत थोडाच फरक: मीटर कॅलिब्रेशनला पाठवावा का?

प्रश्न:
आमच्या कारखान्यात कूलिंग टॉवरच्या १०० मिमी लाइनवरील विद्युतचुंबकीय फ्लो मीटर आरएस-४८५ तारेवरून मॉडबस या संदेश-पद्धतीने पीएलसीला (यंत्रे चालवणाऱ्या औद्योगिक संगणकाला) जोडला आहे. मीटरच्या डिस्प्लेवर ताशी ४८.६० घनमीटर दिसत असताना पीएलसीत ४८.५४ येतात आणि डिस्प्ले स्थिर असला तरी पीएलसीतील शेवटचे दोन अंक नाचत राहतात. प्रवाह वाढवला की फरकही वाढतो, म्हणून मला कॅलिब्रेशनचा संशय आहे. पुस्तिकेप्रमाणे प्रवाह रजिस्टर (मीटरच्या स्मृतीतील १६ बिटी खाने) ४०००९-४००१० मध्ये आणि वेग ४००११-४००१२ मध्ये आहे. मी फंक्शन ०३ ने (रजिस्टर वाचण्याच्या मॉडबस आज्ञेने) पत्ता ९ पासून दोन रजिस्टर वाचतो आणि १६९६२ व १०४८६ हे कच्चे आकडे मिळतात.

उत्तर १:
मीटर काढू नका. पुस्तिकेतील क्रमांक ४०००१ पासून सुरू होतात, पण तारेवरून जाणारा पत्ता ० पासून मोजला जातो. त्यामुळे ४०००९ साठी ८ द्यावा लागतो. ९ दिल्यामुळे तुमच्याकडे प्रवाहाचा दुसरा शब्द (शब्द म्हणजे एका रजिस्टरमधले १६ बिट) आणि वेगाचा पहिला शब्द यांची जोडी येत आहे. ३२ बिटी फ्लोटमध्ये (दोन शब्दांत साठवलेल्या दशांश संख्येत) चिन्ह, घातांक आणि महत्त्वाचे अंक वरच्या १६ बिटांत असतात आणि तुमच्या नशिबाने (खरे तर दुर्दैवाने) नेमका तोच शब्द बरोबर येतो आहे. ३२ ते ६४ या टप्प्यात वरचा शब्द ०.२५ च्या पायरीने बदलतो, म्हणून डिस्प्लेवर ४८.६० असेपर्यंत तुमचा आकडा ४८.५० आणि ४८.७५ यांच्या मध्येच फिरेल. ६४ च्या पुढे पायरी दुप्पट होते. चूक टक्क्यांत असल्यासारखी भासते ती यामुळेच.

प्रश्नकर्ता:
पत्ता ८ केला. आता २६२१४ व १६९६२ मिळतात, पण प्रवाह २.७ गुणिले १० चा २३ वा घात इतका दिसतो! आधीचेच बरे होते.

उत्तर १:
आता दुसरी चूक उघडी पडली, इतकेच. हा मीटर खालचा शब्द आधी पाठवतो आणि तुमच्या पीएलसीला वरचा आधी हवा आहे. फक्त शब्दांची अदलाबदल करा, शब्दाच्या आतील बाइट हलवू नका. हेक्समध्ये (१६ च्या पायावरील अंकांत) ४२४२ ६६६६ झाले की ४८.६० मिळतील.

उत्तर २:
पडताळणीसाठी पत्ता ८ पासून चार रजिस्टर एकाच विनंतीत वाचावीत, म्हणजे वेगही त्याच क्षणाचा मिळेल. १०० मिमी पाइपाचे छेदक्षेत्र ०.००७८५ चौरस मीटर धरून सेकंदाला १.७२ मीटर वेगाने ताशी सुमारे ४८.६ घनमीटरच येतात. टोटलायझर (आतापर्यंत वाहिलेल्या एकूण पाण्याचा आकडा) मात्र फ्लोटमध्ये घेऊ नका: १,६७,७७,२१६ च्या पुढे एकेक लिटरची वाढ त्यात नोंदलीच जात नाही. पुस्तिकेत ३२ बिटी पूर्णांकाचे वेगळे रजिस्टर दिले असेल, तर ते वापरा. शब्दांचा क्रम तिथेही तपासावा लागेल.